फी माफ झाली, पुढचं कोण सांगणार?

घरातलं पहिलंच पोर कॉलेजला निघालं की गावातली, नात्यातली माणसं एकच गोष्ट विचारतात : खर्च किती येईल? सरकारही आजवर याच प्रश्नाचं उत्तर देत आलं आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, अनुसूचित जातींच्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे, आदिवासी मुलांसाठी स्वयम् योजना आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. हे सगळं हवंच होतं. यातला एक रुपयाही कमी होता कामा नये. पण बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मी वीसेक वर्षं रसायनशास्त्र शिकवते आहे, आणि माझ्या डोळ्यांदेखत जी मुलं पहिल्या वर्षातच गळाली, त्यांतली बरीचशी फीपायी गळालेली नाहीत. त्यांना विचारायला कोणी नव्हतं, म्हणून गळाली.

ज्या घरात कोणीतरी कॉलेज केलेलं असतं, त्या घरात काही गोष्टी मुद्दाम शिकवाव्या लागत नाहीत. परीक्षेचा फॉर्म वेगळा भरायचा असतो. तो राहिला तर सत्रभर वर्गात बसूनही हॉलतिकीट येत नाही. अंतर्गत गुण म्हणजे शाळेतली घटक चाचणी नव्हे, ते थेट निकालात धरतात. प्रॅक्टिकलचं जर्नल दर आठवड्याला तपासून घ्यायचं असतं; शेवटच्या आठवड्यात सगळं एकदम उतरवून आणलं तर सही मिळत नाही, आणि सर्टिफाइड जर्नल नसेल तर प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नाही. उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवता येते, पेपर पुनर्मूल्यांकनाला टाकता येतो, पण त्याची मुदत निकालानंतर मोजके दिवसच असते. यातलं काहीच अवघड नाही. मात्र ते कोणीतरी, वेळेवर, त्या मुलाला समोर बसवून सांगावं लागतं. नोटीस बोर्डावर ते सगळं असतं, कार्यालयीन इंग्रजीत, एका बंद काचेमागे, आणि पोरं त्या बोर्डासमोरून रोज जातात.

एका मुलाचं सांगते. पहिल्या सत्रात बाकी सगळे विषय सुटले, गणिताचा एक पेपर राहिला. जानेवारीत निकाल लागला आणि तो यायचा बंद झाला. चाकणला कुठल्याशा कंपनीत कंत्राटी कामाला लागला. पुढं टी.सी. न्यायला आला तेव्हा मी विचारलं, बाळा, एटीकेटी होती ना तुला, सोडलंस का? तो माझ्याकडं बघत राहिला. त्याच्या लेखी नापास म्हणजे नापास. दहावीत गावातली पोरं नापास झाली की शाळा संपते, हेच त्यानं पाहिलेलं. एक विषय राहिला तरी पुढं जाता येतं, तो पेपर नंतर देता येतो, वर्ष वाया जात नाही, हे त्याला ना घरी कोणी सांगितलं, ना आम्ही. कार्यालयातल्या क्लार्कला ते ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, वर्गातल्या निम्म्या मुलांना ठाऊक होतं. हुशार पोरगा होता. त्याच्या हाताला टायट्रेशनचं वळण लगेच बसलं होतं.

२०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही नवं शैक्षणिक धोरण लागू झालं आणि न सांगितलेल्या गोष्टींची यादी आणखी लांबली. आता प्रवेशाच्या खिडकीवरच मुलाला मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्होकेशनल स्किल, व्हॅल्यू एज्युकेशन अशा टोपल्यांतून विषय उचलायचे असतात. एबीसी आयडी, म्हणजे क्रेडिट साठवायच्या ऑनलाइन खात्याचा क्रमांक, काढायचा असतो. श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, कसे साठतात, तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडायचं की चौथं वर्ष करून ऑनर्स घ्यायचं, हे ठरवायचं असतं. धोरणामागचा विचार चांगला आहे. मुलाला निवडीचं स्वातंत्र्य असावं हे मला मनापासून पटतं. पण ज्याला निवडीचा अर्थच कोणी सांगितला नाही तो शेजारच्या मुलानं काय भरलं ते बघतो आणि तेच भरतो. बारावीला गणित नीट न झालेल्या मुलीनं मायनरला संख्याशास्त्र घेतलं, कारण तिच्या गावची मैत्रीण तिथं होती आणि दोघींना एकाच एसटीनं यायचं होतं. तिचं कारण रास्तच होतं. परक्या जागी ओळखीचं माणूस सोबत असावं, असं कुणालाही वाटेल. फक्त तेवढंच कारण पुरेसं नाही, हे सांगायला त्या खिडकीत कोणी बसलेलं नव्हतं.

आमच्या भागातल्या पोरांची आणखी एक अडचण आहे, ती बाहेरच्यांना चटकन दिसत नाही. दसरा झाला की गावं रिकामी होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, ठरलेला असतो, आणि दोघं ट्रॅक्टरमध्ये बसून पश्चिम महाराष्ट्राच्या नाहीतर कर्नाटकच्या साखर कारखान्यावर ऊसतोडीला जातात. पहिल्या सत्राची परीक्षा येते नेमकी त्याच सुमारास, नोव्हेंबर-डिसेंबरात. घरी म्हातारी आजी, धाकटी भावंडं, एखादी गाय. बी.एस्सी. प्रथम वर्षाची मुलगी पहाटे उठून स्वयंपाक करते, भावाला शाळेत धाडते, साडेनऊची गाडी पकडते. गाडी चुकली तर पहिले दोन तास बुडतात. परतीची गाडी साडेचारची, म्हणून प्रॅक्टिकल अर्धं टाकून निघते. हजेरीपटावर ती अनियमित विद्यार्थिनी ठरते. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावानं शासकीय वसतिगृहांची योजना आली आहे, त्या वसतिगृहांनी काही मुलांचं शिक्षण नक्की टिकवलं आहे. पण ज्या मुलीवर घर टाकून आई-बाप गेलेत, ती वसतिगृहात येणार कशी?

शिष्यवृत्तीचा अर्जही याच दिवसांत भरायचा असतो. महाडीबीटीवर खातं उघडायला आधारशी जोडलेला मोबाईल नंबर लागतो, आणि आमच्या कितीतरी मुलांच्या आधारला वडिलांचा नंबर जोडलेला असतो. ओटीपी जातो वडिलांच्या फोनवर. वडील असतात उसाच्या फडात, फोन असतो कोपीत, म्हणजे झोपडीत, नाहीतर चार्जिंग संपून बंद. इकडं कॅफेवाल्याच्या दुकानात रांग लागलेली, साइट मधेच थांबते, ओटीपीची मुदत संपते. पोरगी दोन-तीनदा हेलपाटा घालते आणि मग सोडून देते. पुढं अर्ज भरलाच तर पैसे आधार जोडलेल्या खात्यावर जातात, आणि ते खातं असतं पाचवीत असताना उघडलेलं, पासबुक हरवलेलं. पैसे मंजूर झाल्याचं पोर्टल सांगतं, मुलीच्या हातात काही येत नाही, आणि फी बाकी म्हणून तिचं नाव यादीत झळकतं. म्हणजे आपण ज्याला पैशाची अडचण म्हणतो तिच्यातही बरेचदा पैसा मंजूर असतो. त्या पैशापर्यंत पोचवणारं माणूस नसतं.

आता माझ्या प्रयोगशाळेतलं. प्रथम वर्षाच्या सुरुवातीच्या प्रॅक्टिकलला दोघांची जोडी करून देतो. ब्युरेट, पिपेट, कोनिकल फ्लास्क, फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब, आणि फिकट गुलाबी रंग टिकला की रीडिंग घ्यायचं. अकरावी-बारावीला प्रॅक्टिकल झालेलं असतं ते बहुतेक वहीपुरतं. कित्येकांनी ब्युरेट पहिल्यांदाच हातात घेतलेली असते. एका जोडीतली मुलगी आठवडेच्या आठवडे फक्त रीडिंग लिहून घ्यायची. हात लावायची नाही. अक्षर सुरेख, आकडेमोड बिनचूक, पण नळी जोडीदारणीच्या हातात. मी आधी समजले की लाजाळू असेल. एकदा सगळ्या गेल्यावर तिला थांबवून म्हटलं, आता तू भर ब्युरेट. ती मागं सरली. बराच वेळ गेला आणि मग बोलली, "मॅडम, फुटली तर केवढ्याला पडंल?" ब्रेकेजचे पैसे भरावे लागतात हे तिनं पहिल्याच दिवशी ऐकलं होतं, आणि एवढंच ऐकलं होतं. किती, कधी, कोण भरतं, अनामत रकमेतून जातात की वेगळे, यातलं काही तिला ठाऊक नव्हतं. त्या काचेच्या नळीची किंमत आईच्या कितव्या दिवसाची मजुरी असेल याचा हिशेब ती मनात मांडत होती, आणि तिचं शिक्षण जोडीदारणीच्या हातांनी चाललं होतं.

मी तिला म्हटलं, शिकताना फुटलं तर विभाग बघून घेईल, तू धर. तिनं धरली. बुच फिरवताना अंगठा कुठं ठेवायचा ते दाखवलं. पहिल्यांदा रंग गर्द झाला, दुसऱ्यांदा जमला. या सगळ्याला अर्धा तास लागला. हा अर्धा तास माझ्या वेळापत्रकात कुठंही नव्हता आणि पुढची बॅच दाराशी उभी होती.

आई-वडिलांबद्दलही जरा स्पष्ट बोलायला हवं. आमच्याच व्यवसायातले लोक सहज म्हणून जातात की या पालकांना शिक्षणाचं महत्त्व नाही. मला हे कधीच पटलं नाही. ज्याला महत्त्व नाही तो बारावीनंतर मुलीला रोज वीस किलोमीटर एसटीनं कशाला पाठवेल? त्यांना महत्त्व ठाऊक असतं, तपशील ठाऊक नसतो. कॉलेज त्यांना बोलावतं ते गैरहजेरीची तक्रार सांगायला, नाहीतर फीची बाकी सांगायला. आमच्या विभागानं एका वर्षी गणपतीनंतर, मंडळी कारखान्याला निघायच्या आधी, प्रथम वर्षाच्या पालकांना बोलावलं. भाषण ठेवलं नाही. प्रयोगशाळा दाखवली, ग्रंथालय दाखवलं, चहा घेतला. एका मुलीचे वडील कोपऱ्यात उभे होते, त्यांनी विचारलं ते एवढंच, "मॅडम, परीक्षा नेमकी कोणच्या तारखंला हाय?" मी संभाव्य तारखा सांगितल्या. ते म्हणाले, "मग त्या टायमाला साखरपुडा धरीत न्हाई. मेव्हण्याच्या पोरीचा हाय, हिला चार दिस बोलवून घेणार होतो." त्यांनी तारखा कागदावर लिहून मागितल्या, टोपीत खोचल्या आणि गेले. त्या मुलीनं सगळे पेपर दिले. हा माणूस शिक्षणाच्या आड येत होता असं कोण म्हणेल? त्याला वेळापत्रक मिळालं नव्हतं, इतकंच.

आपल्या राज्याला हे सगळं एके काळी चांगलं कळलेलं होतं. शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांचं वसतिगृह काढलं, पुढं एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी करत गेले. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीचं मिस क्लार्क वसतिगृह १९०८ सालचं. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, साताऱ्याला बोर्डिंग चालवलं, आणि तिथल्या मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले. साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज १९४७ चं, कमवा आणि शिका या तत्त्वावरचं. मराठवाड्यात १९५० साली, तेव्हाच्या औरंगाबादला, बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज सुरू केलं, तेच पुढं मिलिंद महाविद्यालय झालं. मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं ते त्यानंतर, १९५८ मध्ये. मिलिंदलाही वसतिगृह होतं, म. भि. चिटणीसांसारखे प्राचार्य होते, आणि शिकायला येणारी मुलं अशा घरांतली होती की जिथं अक्षरओळख हीच नवी गोष्ट होती.

या सगळ्यांनी वसतिगृहावर एवढा भर का दिला? छप्पर आणि जेवण हे तर कारण होतंच. पण वसतिगृहात रेक्टर असायचा, वरच्या वर्गातली मुलं असायची. रात्री दिव्याखाली एखादं गणित अडलं, घरून पत्र आलं आणि मन उडालं, फॉर्म कसा भरायचा कळलं नाही, तर शेजारच्या खाटेवर विचारायला माणूस होता. ती मुलं घरात पहिलीच शिकणारी होती आणि तरी एकटी नव्हती. नंतरच्या काळात आपण कॉलेजं तालुक्याला नेली, काही ठिकाणी मोठ्या गावांतही नेली. मुलींच्या दृष्टीनं ही फार मोठी गोष्ट झाली. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुली एरवी बारावीवरच थांबल्या असत्या. मात्र कॉलेज घराजवळ आलं तसा तो रेक्टर गेला, शेजारची खाट गेली. पोरं सकाळी एसटीनं येतात, तास करतात, दुपारी एसटीनं जातात. त्यांच्या दिवसात विचारायला जागाच उरलेली नाही. त्या माणसाच्या जागी आता कोणाला उभं करायचं, हा प्रश्न आपण कॉलेजं उघडताना सोडवलाच नाही.

कागदावर सोय आहे. प्रत्येक कॉलेजात मेंटॉर-मेंटी योजना असते, कारण नॅकच्या मूल्यमापनात मेंटॉरमागं किती विद्यार्थी ते विचारलं गेलं. त्यामुळं याद्या असतात, रजिस्टर असतं, सह्या असतात. मी स्वतः अशा याद्यांवर सही करते. पण त्या यादीतल्या मुलांशी बोलायचं कधी? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास आणि सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापकाला १४ तास प्रत्यक्ष अध्यापन धरलेलं आहे. पदं मंजूर होतात, कार्यभार तपासला जातो, तो या तासांवर. मुलाला समोर बसवून त्याच्या अडचणी ऐकणं हे काम त्या हिशेबात येत नाही. जे काम मोजलं जात नाही त्याला माणूसही मिळत नाही. शिवाय कितीतरी विभागांत पूर्णवेळ शिक्षक एक किंवा दोन, आणि बाकीचं शिकवणं तासिका तत्त्वावरच्या तरुण शिक्षकांकडून. त्यांतले पुष्कळजण स्वतः याच वाटेनं आलेले असतात. मुलांच्या अडचणी त्यांना माझ्यापेक्षा चांगल्या कळतात. पण त्यांना मोबदला मिळतो घेतलेल्या तासाचा. तास संपला की त्यांना दुसऱ्या कॉलेजातला तास गाठायचा असतो. मुलाच्या अडचणीला त्यांनी स्वतःच्या पोटाला चिमटा काढून वेळ द्यावा, ही अपेक्षा मी कोणत्या तोंडानं करू?

म्हणून माझं मागणं साधं आहे. घरात पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या प्रत्येक मुलाला पहिल्या वर्षी एक शिक्षक नेमून द्या, एका शिक्षकाकडं पंधरा-वीस मुलांपेक्षा जास्त नकोत, आणि त्यासाठीचे आठवड्याचे दोन तास अध्यापनाचे तास म्हणून मोजा. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला त्या तासांचा मोबदला द्या. हे तास वेळापत्रकात अशा ठिकाणी ठेवा की शेवटची गाडी चुकणार नाही. त्या तासांत काय करायचं याचं पुस्तक काढायची गरज नाही. जुलैत विषयांची निवड समजावून सांगावी. ऑगस्टमध्ये सगळ्यांचे महाडीबीटीचे अर्ज, आई-वडील गावात असताना, त्यांच्या फोनसकट, कॉलेजातच भरून घ्यावेत. वर्ग सुरू झाल्यावर महिनाभरात एक छोटी चाचणी घ्यावी आणि पेपर तपासून मुलाच्या हातात परत द्यावा, कुठं चुकलं ते दाखवावं. सत्राच्या शेवटी थेट निकालच समोर आला तर सुधारायला वेळ उरत नाही. निकालाच्या आठवड्यात ज्यांचा विषय राहिला त्यांना फोन करावा. हा एक फोन गेला असता तर चाकणला गेलेला तो मुलगा आज पदवीधर असता, असं मला ठामपणे वाटतं.

हे ऐकून काही सहकारी म्हणतात, आम्ही शिकलो तेव्हा आमचा हात कोणी धरला होता? मी त्यांना नीट आठवायला सांगते. प्रत्येकाच्या आठवणीत कोणीतरी निघतंच. गावातले एखादे गुरुजी, ज्यांनी शहरातल्या मित्राला चिठ्ठी दिली. खोलीवरचा एखादा मोठा मुलगा. एखादे सर, ज्यांनी स्वतःच्या घरी अभ्यासाला बसवलं. ज्यांना असं कोणी भेटलं नाही ते आज प्राध्यापकांच्या खोलीत बसलेले नाहीत, त्यामुळं त्यांची बाजू तिथं कोणी मांडत नाही. कोण भेटेल हे नशिबावर सोडायचं की कॉलेजची जबाबदारी मानायची, एवढाच प्रश्न आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. मुलं कॉलेजात येतातच कुठं, असं विचारलं जातं. खरं आहे. नाव आमच्या पटावर आणि पोरगं पोलीस भरतीच्या अकॅडमीत, किंवा पुण्याला खोली करून एमपीएससीच्या क्लासला, हे मराठवाड्यातल्या कुठल्याही कॉलेजात दिसेल. मला त्याचा त्रास होतो, पण त्या मुलांचा राग येत नाही. पदवीचा उपयोग काय, तिच्या जोरावर कुठं कुठं जाता येतं, हे त्यांना आमच्याकडून कधी कळलेलंच नसतं. बसस्थानकासमोरच्या फलकावर अकॅडमी मात्र रोज सांगत असते, फोटोसकट, निवड झालेल्यांच्या नावासकट. बी.एस्सी. करून औषधांच्या कंपनीत गुणवत्ता तपासणीचं काम मिळतं, एम.एस्सी.ला कुठं प्रवेश मिळतो, सीएसआयआर-नेट म्हणजे काय, बी.एड. कधी करावं, माती-पाणी परीक्षणाच्या प्रयोगशाळेत कोण लागतं, हे पहिल्या वर्षी कोणी सांगितलं तर काही मुलं नक्की वर्गात येतील. सगळी येणार नाहीत. जी येतील त्यांच्यासाठी तरी आपण तिथं असायला हवं.

आणि मुळात ही मुलं कोण, हे कॉलेजला कळायला हवं. आमच्या प्रवेश अर्जात वडिलांचा व्यवसाय विचारतात, उत्पन्न विचारतात, जात, प्रवर्ग, बारावीचे गुण विचारतात. घरात याआधी कोणी कॉलेज केलं आहे का, हे विचारत नाहीत. तामिळनाडूत २०१०-११ पासून हाच प्रश्न सरकारनं महत्त्वाचा मानला. घरात आधी कोणी पदवीधर नाही, असा दाखला तिथं महसूल खातं देतं आणि व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेताना त्या दाखल्यावर शिक्षण शुल्कात सवलत मिळते. आपण सवलतीसाठी आणखी एक दाखला सुरू करावा असं मी म्हणत नाही. आमच्या पोरांच्या पिशवीत दाखले कमी नाहीत, आणि एकेका दाखल्यासाठी तलाठ्यापासून तहसीलपर्यंतचा फेरा मी पाहिला आहे. मला फक्त अर्जावरची एक ओळ हवी आहे, स्वतः भरलेली, कसल्याही पुराव्याशिवाय. ती माहिती वर्गात वाचून दाखवायची नाही, तिच्यावरून कुणाला वेगळं बसवायचं नाही. ती फक्त नेमलेल्या शिक्षकापर्यंत जावी, म्हणजे जुलैत कुणाला आधी गाठायचं ते त्याला कळेल.

ही ओळ घालायला मंत्रालयाच्या परवानगीची गरज नाही. प्राचार्यांनी ठरवलं तर येत्या प्रवेशाच्या वेळीच ती अर्जावर येऊ शकते. पालकांना गणपतीनंतर एकदा बोलावणं, परीक्षेच्या संभाव्य तारखा मराठीत छापून त्यांच्या हातात देणं, ब्रेकेजचे नियम पहिल्याच दिवशी नीट सांगणं, हेही विभागाच्या पातळीवर होतं. जे आमच्या हातात नाही ते कार्यभाराचं. तो तपासणाऱ्या सहसंचालक कार्यालयाच्या तक्त्यात थिअरीचा रकाना आहे, प्रॅक्टिकलचा आहे. उच्च शिक्षण विभागानं त्यात प्रथम वर्षाच्या विद्यार्थी मार्गदर्शनाचा रकाना घालावा, त्याचे तास पदनिश्चितीत धरावेत, आणि रिकाम्या जागांची पुढची भरती त्या हिशेबानं करावी.